राज्य गेल्यानंतरचे मराठी

कुंभकोणमच्या दक्षिणेला थोड्या अंतरावर मरुदानल्लूर नावाचं गाव आहे. कावेरीच्या सुपीक खोऱ्यातलं, भातशेतीचं. महाराष्ट्रातल्या नकाशांत त्याला जागा नाही, आणि तंजावरला राजवाडा बघायला जाणारे मराठी पर्यटकही सहसा तिकडे वळत नाहीत. पण दक्षिणेच्या भजनसंप्रदायात हे गाव मोठं आहे. त्या संप्रदायात तिघांना आद्य गुरू मानतात: गोविंदपुरमचे बोधेंद्र, तिरुविसनल्लूरचे श्रीधर अय्यावाळ आणि मरुदानल्लूरचे सद्गुरू स्वामी. पहिल्या दोघांनी नामाचं माहात्म्य सांगितलं. तिसऱ्यांनी, म्हणजे १७७७ ते १८१७ असं जेमतेम चाळीस वर्षांचं आयुष्य लाभलेल्या सद्गुरू स्वामींनी, भजनाला क्रम लावून दिला. आधी काय म्हणायचं, मागून काय, दिव्याभोवती फेर कधी धरायचा, राधाकल्याण, म्हणजे राधा-कृष्णाचं लग्न, कसं लावायचं, याची पद्धत त्यांनी घालून दिली. या क्रमात जयदेवाच्या अष्टपदी आहेत, नारायणतीर्थांचे तरंग आहेत, भद्राचल रामदास आणि पुरंदरदास आहेत. आणि अभंग आहेत. मराठी अभंग.

आजही या पद्धतीच्या भजनात तमिळ घरांतली माणसं तुकोबांचे नि नामदेवांचे अभंग म्हणतात. त्यांना मराठी येत नाही. समोरचं पुस्तक तमिळ लिपीत असतं. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना एकच अक्षर, म्हणून अक्षराच्या डोक्यावर बारीक आकडे घालून कोणता उच्चार करायचा ते दाखवलेलं असतं. त्या आकड्यांच्या आधारानं मराठी म्हटली जाते, आणि बऱ्यापैकी शुद्ध म्हटली जाते.

याच कुंभकोणम-तंजावर पट्ट्यात जवळजवळ साडेतीनशे वर्षं राहिलेली मराठी घरं आहेत. त्यांच्या नातवंडांना मराठी कळते, पण बोलायची वेळ आली की ती तमिळमध्ये किंवा इंग्रजीत शिरतात. परक्यांच्या तोंडी मराठी रुजली आणि घरच्यांच्या तोंडून निसटत चालली, असा हा उलटा प्रकार आहे. आपण कोण, हा प्रश्न राज्य करायला आलेल्या आणि राज्य गमावून तिथेच राहिलेल्या समाजाला कसा पडतो आणि तो समाज त्याचं काय करतो, याचा आढावा घ्यायला तंजावरच्या मराठ्यांइतकं चांगलं उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही.

जगात या प्रश्नाची चर्चा गेली तीस-पस्तीस वर्षं प्रामुख्यानं रशियन लोकांच्या निमित्तानं झाली. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला तेव्हा सुमारे अडीच कोटी रशियन माणसं रशियाच्या सीमेबाहेर राहिली. त्यांतल्या बहुतेकांनी त्या दिवशी कुठलीही सीमा ओलांडली नव्हती. सीमाच त्यांच्या घरांवरून सरकली होती. काल जे राज्यकर्त्यांच्या भाषेचे होते ते आज अल्पसंख्य झाले. लाटवियात सुमारे सात लाख माणसांच्या हाती ‘नागरिक नाही’ अशा अर्थाचे कागद आले. नागरिकत्वासाठी लाटवियन भाषेची परीक्षा द्यायची, ही गोष्ट चाळीस वर्षं रिगामध्ये नोकरी केलेल्या माणसाला कशी वाटली असेल, याची कल्पना करता येते. त्याआधीचे रशियन निर्वासित वेगळे होते. १९१७ नंतर पॅरिस, बर्लिन, हार्बिन इथे गेलेल्यांनी परत जायचंच आहे असं धरून संसार मांडले. १९२५ पासून पुश्किनचा जन्मदिवस ‘रशियन संस्कृती दिन’ म्हणून गावोगावी साजरा केला, आपली चर्च आणि शाळा चालवल्या. त्यांची पुढची पिढी फ्रेंच शिकली नि प्रश्न हळूहळू मिटला. किंवा माणसांबरोबर संपला, असं म्हणा.

तंजावरची गोष्ट या दोन्हींहून निराळी पडते. हे लोक पळून आले नव्हते आणि त्यांना परत बोलवायला आसुसलेला देशही मागे नव्हता. शहाजीराजांचे पुत्र, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी ऊर्फ एकोजी हे विजापूरच्या आदिलशहाच्या हुकमावरून तंजावरच्या भांडणात उतरले आणि १६७५च्या सुमारास गादीवर स्वतःच बसले. दोन भावांमधला वाटणीचा तंटा, शिवाजी महाराजांची दक्षिणेची स्वारी, रघुनाथपंत हणमंत्यांची मध्यस्थी, दीपाबाईंचा शहाणपणा ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे, म्हणून ती इथे सांगत बसत नाही. महाराष्ट्रातल्या इतिहासात ती कथा दोन भाऊ समेटले तिथे संपते. तंजावरात मात्र ती तिथून सुरू होते.

एकोजींच्या मुलानं, शहाजीनं, १६८४ ते १७१२ राज्य केलं. या राजाच्या नावावर मराठी नाटकं आहेत. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांतलं एक, सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली केलेल्या ‘सीतास्वयंवरा’पेक्षा दीडशे वर्षांनी जुनं. पण याच राजानं तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ रचलं, आणि ‘पंचभाषाविलास’ नावाच्या त्याच्या नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा बोलल्या जातात. हे नाटक करमणुकीसाठी होतं हे खरं, पण ज्या दरबारात ते चाललं तिथला रोजचा व्यवहारही तसाच होता. हिशेब नि पत्रव्यवहार मोडीतून मराठीत, काव्य-संगीत तेलुगूत, शास्त्र संस्कृतात, आणि रयत तमिळ. आधीच्या नायक राजांकडून मिळालेली तेलुगू दरबारी परंपरा मराठ्यांनी मोडली नाही, चालू ठेवली. राज्यकर्ता आहे म्हणून आपलीच भाषा सर्वत्र चालली पाहिजे, हा हट्ट त्या काळी कुणाच्या डोक्यात नव्हता. तो नंतरचा आहे.

दुसऱ्या सरफोजीच्या काळात (१७९८ ते १८३२) ही गुंतागुंत टोकाला गेली. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली वाढलेला हा राजा. १७९९च्या तहानं किल्ल्यापलीकडचं राज्य ईस्ट इंडिया कंपनीला देऊन बसलेला. त्यानं नवविद्याकलानिधी शाळा काढली, देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि १८०६ साली इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावानं मराठीत छापल्या. मराठी मुद्रणाच्या अगदी पहिल्या पुस्तकांत ते मोजावं लागतं, आणि ते मुंबईत किंवा पुण्यात नव्हे, तंजावरात निघालं. १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर त्यानं आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. ‘भोसले वंश चरित्र’ म्हणतात तो हा शिलालेख, अफाट लांब. राजराज चोळाच्या मंदिरावर, त्याच्याच तमिळ लेखांच्या शेजारी, देवनागरीत! राज्य हातात नाही, तेव्हा वंशावळ तरी दगडात राहावी, अशी घाई त्या लेखात दिसते. त्याच राजानं नेपोलियनवरच्या ब्रिटिश विजयाच्या आनंदात समुद्रकाठी ‘मनोरा’ बांधला. त्याच राजानं काशी-प्रयाग-गयेची यात्रा केली, आणि त्या यात्रेवर मराठीत लावण्या रचल्या गेल्या. एकच माणूस दिवसभरात किती जणांचा असू शकतो, याचं हे उदाहरण आहे. यात विसंगती आपल्याला दिसते. त्याला दिसत असावी असं वाटत नाही.

आणि सद्गुरू स्वामी याच राजाच्या काळातले. परंपरा सांगते की बोधेंद्रांची समाधी गोविंदपुरमला कावेरीच्या वाळूत हरवली होती. सद्गुरू स्वामी वाळवंटात कान लावून फिरले, एका जागी त्यांना आतून रामनाम ऐकू आलं, आणि मग सरफोजीनं नदीचा ओघ बाजूला वळवून तिथे अधिष्ठान उभं केलं. ऐकू आलं की नाही ते भक्तांनी ठरवावं. कथेतली माणसं मात्र पाहण्याजोगी आहेत. समाधी कांची मठाच्या संन्याशाची, ती शोधणारा गुरू तेलुगू घराण्यात जन्मलेला मानतात, बांधणारा राजा मराठा, आणि गाव तमिळ. अभंग या भजनात आले ते अशा संगतीतून आले. कुणी मराठीचा प्रचार करायला बसलं नव्हतं.

१८५५ साली दुसरा शिवाजी पुत्राविना वारला आणि कंपनीनं राज्य खालसा केलं. केवळ राज्यच नव्हे, राजाची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई भांडली, खटला लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८५९ साली निकाल लागला की हे राज्यकृत्य आहे, न्यायालयाला यात पडता येत नाही. जगभरच्या कायद्याच्या पुस्तकांत हा खटला अजून शिकवतात. मराठी समाजाच्या बाजूनं पाहिलं तर त्या निकालानं शेवटचा आधार काढून घेतला. राजवाडा राहिला, घराण्याचे वंशज त्यात राहिले, पण ज्याच्या नोकरीत हजारो माणसं होती ते दार बंद झालं.

खरं तर पेच इथे यायला हवा होता. आला, पण त्याला कुणी आवाज दिला नाही. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या देशस्थ घरांनी मोडीची दौत ठेवली आणि इंग्रजीची उचलली. हिशेब, वसुली, दप्तर, कायदा या त्यांच्या हातच्या गोष्टी होत्या, आणि इंग्रजी अंमलाला त्याच हव्या होत्या. कुंभकोणमच्या या घरांतून एकोणिसाव्या शतकात दिवाण निघाले, एक-दोन नव्हे. सर टी. माधवराव कुंभकोणमला १८२८ साली जन्मले. १८५७ पासून १८७२ पर्यंत त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूर, मग १८७५ पासून बडोदा. त्यांचे नातेवाईक आर. रघुनाथराव इंदूरचे दिवाण झाले आणि विधवाविवाहाची बाजू घेऊन कर्मठांशी भांडले. व्ही. पी. माधवराव त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण. सर टी. माधवरावांचे पुत्र आनंदराव म्हैसूरचे. तंजावरची गादी नसली तरी चार-सहा गाद्यांच्या मागे तंजावरी माणूस बसलेला, अशी स्थिती. यातली बडोद्याची गोष्ट मजेची आहे. कुंभकोणमच्या मराठी माणसानं गुजरातेतल्या मराठी संस्थानाचा कारभार इंग्रजांच्या सांगण्यावरून बसवला आणि लहानग्या सयाजीरावांच्या शिक्षणाची काळजी वाहिली. मराठी राष्ट्र वगैरे कल्पना त्यात कुठेच नव्हती. असायला हवी होती असंही मला वाटत नाही.

या दिवाणांची चरित्रं अभिमानानं सांगितली जातात, आणि इथेच तंजावरी मराठ्यांवरच्या लिखाणाचा मोठा दोष आहे. ते ब्राह्मणांचं लिखाण आहे. एकोजीबरोबर लष्करी मराठे आले, शिंपी आले, इतर कारागीर आले. त्यांचे वंशज तमिळनाडूत आहेत. त्यांच्या ओळखीचा प्रश्न दिवाणखान्यात कधी सुटला नाही, तालुका कचेरीत सुटला. तमिळनाडूच्या मागासवर्गीयांच्या यादीत ‘मराठा (ब्राह्मणेतर)’ अशी नोंद आहे, आणि तीत ‘नामदेव मराठा’ धरले आहेत, म्हणजे आपल्याकडचे नामदेव शिंपी. शाळेच्या दाखल्यावर हे दोन शब्द पडले की पुढच्या पिढीला आपण मराठा असल्याचा लेखी पुरावा मिळतो, भाषा येवो न येवो. महाराष्ट्रात मराठा आरक्षणासाठी लाखोंचे मोर्चे निघाले, २०१८चा कायदा आला, २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला, २०२४ साली नवा आला. तमिळनाडूत तीच जात मुकाट्यानं यादीत बसलेली आहे. ओळख टिकवण्याच्या कामात संस्कृतीपेक्षा सरकारी रकाना जास्त उपयोगी पडतो, असं म्हटलं तर कुणाला राग येईल, पण हे उदाहरण तेच सांगतं.

ब्राह्मण घरांचं मात्र उलटं झालं. विसाव्या शतकात तमिळ प्रदेशाचं राजकारण ब्राह्मणेतर चळवळीनं बदललं. जस्टिस पक्ष, स्वाभिमान चळवळ, हिंदीविरोधी आंदोलनं, १९६७ साली द्रमुकची सत्ता. तंजावरी देशस्थांवर रोख आला तो मराठी म्हणून आला नाही, ब्राह्मण म्हणून आला. तमिळ समाजाच्या लेखी अय्यर, अय्यंगार आणि रायर ही एकाच घरातली भावंडं होती. ‘रायर’ म्हणजे राव लावणारे, इतकीच बाहेरच्यांची समज. कानडी राव, तेलुगू राव आणि मराठी राव यांतला फरक मद्रासेतल्या मयिलापूरच्या शेजाऱ्यालाही नीट ठाऊक नसायचा. त्यामुळे मराठीपण लपवायची गरज पडली नाही आणि मिरवायची संधीही आली नाही. १९६८ पासून राज्यानं तमिळ आणि इंग्रजी असं द्विभाषा धोरण घेतलं. घरची मराठी शाळेच्या दारात सोडून जायची गोष्ट झाली.

घराच्या आतली परिस्थितीही साधी नाही. तंजावरच्या देशस्थांतली बरीच घरं माध्व. गुरू मठाचे स्वामी, देवघरात राघवेंद्र स्वामी, आणि म्हणायची पदं कानडी हरिदासांची. पंचांग चांद्रमानाचं, म्हणून नवं वर्ष शेजारच्या तमिळ घराच्या चित्तिरैला न येता पाडव्याला येतं, पण त्याला म्हणायचं युगादी. स्वयंपाकघरात पिठलं, मेतकूट, आंबट भाजी आणि डांगर पच्चडी, म्हणजे उडदाचं पीठ दह्यात कालवून. रस्त्यावर तमिळ, कचेरीत इंग्रजी, गाण्यात तेलुगू. मराठीच्या वाट्याला उरलं ते चुलीभोवतीचं बोलणं, म्हाताऱ्यांची विचारपूस आणि मुलांना दटावणं. अशी भाषा टिकते, कारण तिला प्रेम चिकटलेलं असतं. पण ती वाढत नाही, कारण तीत अर्ज लिहिता येत नाही की बातमी वाचता येत नाही. स्वयंपाकघर जाऊन हॉटेलातून मागवायचे दिवस आले, एकत्र घर फुटून चेन्नई-बंगळूरचे फ्लॅट झाले, आजी एका शहरात नि नातवंडं दुसऱ्या, तेव्हा तिची जागाच गेली.

सांबाराची कथा इथे आल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही. संभाजी महाराज तंजावरला आले, आमटीत आमसुलांऐवजी चिंच पडली आणि पाहुण्याच्या नावानं पदार्थाचं नाव पडलं म्हणे. समकालीन पुरावा नाही. पण तमिळ माणसाच्या रोजच्या ताटात आपण काहीतरी घालून गेलो, हे सांगायची हौस तंजावरी मराठ्यांपेक्षा पुणेकरांनाच जास्त आहे, हे मला लक्षणीय वाटतं.

मानसशास्त्रज्ञांनी या सगळ्याला चौकट दिली आहे. ओळखीच्या पेचाची कल्पना ज्यानं रुळवली तो एरिक एरिक्सन स्वतः डॅनिश आईचा, जर्मनीत वाढलेला नि १९३३ साली अमेरिकेत गेलेला. पुढे जॉन बेरी या कॅनडातल्या अभ्यासकानं स्थलांतरितांचे चार मार्ग मांडले. आपलं ठेवून त्यांचंही घ्यायचं, आपलं सोडून त्यांचं घ्यायचं, त्यांचं नाकारून आपलंच धरायचं, किंवा दोन्ही हातचं घालवायचं. रशियन अल्पसंख्याकांवरच्या अभ्यासांत ही चौकट खूप वापरली गेली. एस्टोनियातल्या नार्वासारख्या रशियनबहुल गावात ती उपयोगीही पडते. तंजावरात मात्र ती अडते. तिथला समाज एकाच वेळी चारही खोल्यांत राहत होता, खोलीगणिक वेगळी भाषा बोलत. आणि दुसरं म्हणजे, या चौकटीत समाज नेहमी घेणारा किंवा नाकारणारा असतो. तो देतो काय, याला जागा नाही. बेरींचा दोष नाही, त्यांच्यासमोर उदाहरणं तशी होती.

देण्याची गोष्ट मरुदानल्लूरला दिसते, पण तिथेच थांबत नाही. १८६०च्या दशकात रामचंद्रबुवा मोरगावकर नावाचे मराठी कीर्तनकार तंजावरला आले. तंजावर कृष्ण भागवतर या तरुण तमिळ गायकानं ते कीर्तन ऐकलं आणि त्याच्या सांगाड्यावर कर्नाटक संगीत चढवून हरिकथा कालक्षेपम् उभं केलं. पूर्वरंग-उत्तररंग, साकी, दिंडी, ओवी, अभंग हे सगळं तमिळ कथेत गेलं. पुढे सरस्वती बाईंसारख्या स्त्रीनं याच कलेत नाव काढलं, बायकांनी कथा करायची नाही असं म्हणणाऱ्यांना न जुमानता. महीपतीच्या ‘भक्तविजया’च्या गोष्टी तमिळमध्ये घरोघरी पोचल्या. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६चा, आणि १९३८ साली तमिळमध्ये ‘तुकाराम’ निघाला, त्यात तुकोबा झाले ते मुसिरी सुब्रमण्य अय्यर, कर्नाटक संगीतातले मोठे गवई. आमच्या काळात अरुणा साईराम मैफलीच्या शेवटी अभंग घेऊ लागल्या आणि चेन्नईच्या सभागृहांत त्यासाठी फर्माइशी येऊ लागल्या. गोविंदपुरमला २०११ साली विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं मंदिर उभं राहिलं, मरुदानल्लूरपासून फार लांब नाही. मिल्टन सिंगर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं साठच्या दशकात मद्रास शहरातल्या राधाकृष्ण भजनांचा बारकाईनं अभ्यास केला. शहरी, शिकलेले, नोकरदार लोक एकमेकांच्या पायां पडून जातिभेद निदान संध्याकाळपुरता बाजूला ठेवतात, हे त्यानं नोंदवलं. ते किती खरं नि किती तेवढ्यापुरतं, यावर वाद आहे. पण ज्या भजनाचा तो अभ्यास करत होता त्याचा क्रम कावेरीकाठच्या एका खेड्यात लागला होता.

आता कुणी म्हणेल, अभंग टिकला म्हणून मराठी समाज टिकला का? नाही. अभंग म्हणणारा तमिळ गृहस्थ मराठी होत नाही, आणि त्याला तसं व्हायचंही नाही. उलट अभंग जितका सगळ्यांचा झाला तितकी त्यावरची तंजावरी मराठ्यांची खास मालकी गेली. पण पर्याय काय होता ते पाहा. १९१२ साली मद्रासेत मराठा एज्युकेशन फंड निघाला, आपल्या समाजातल्या हुशार मुलांना शिष्यवृत्त्या देण्यासाठी. काम चांगलं, आजही चालू. त्यानं मुलं शिकली, इंजिनियर-डॉक्टर झाली आणि गावं सोडून गेली. समाजानं स्वतःपुरतं जे राखलं ते समाजाबरोबर पांगलं. वधू-वर मेळावे, ज्ञातीची यादी, वर्षातून एकदाचं जेवण हेही तसंच. जे दुसऱ्यांच्या हाती दिलं त्याला मात्र राखणदार लागला नाही.

याच्या उलट बाजूला मॉरिशस आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात कोकणातून आणि आसपासच्या भागातून मराठी मजूर उसाच्या मळ्यांवर गेले. ते राज्यकर्ते नव्हते, गिरमिटिये होते. त्यांची घरची भाषा आज बहुतेक क्रिओल आहे. पण मॉरिशसमध्ये मराठी हा वेगळा गट म्हणून ओळखला जातो, शाळेत मराठी विषय आहे, आणि गणेशचतुर्थीची सरकारी सुट्टी असते. तिथे मराठीपण टिकवायचं काम सरकारच्या मदतीनं झालं. तंजावरात ते सरकारशिवाय झालं, किंवा झालं नाही. बेळगाव-कारवारचा सीमाभाग तर तिसऱ्याच जातीचा. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपासून तिथे मराठी म्हणजे मागणी. महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडलेला दावा, शाळांवरची भांडणं, पाट्यांवरची भांडणं. तिथे मराठी बोलणं ही राजकीय कृती आहे आणि त्यामुळे ती भाषा त्वेषानं बोलली जाते. तंजावरी मराठ्यांनी कधी काही मागितलं नाही. महाराष्ट्राकडे मागायचं काही नव्हतं, तमिळनाडूकडे मागायची सोय नव्हती. न मागण्याचा फायदा असा की कुणाचं वैर आलं नाही. तोटा असा की कुणी विचारायलाही आलं नाही.

मागण्याचं राजकारण तमिळनाडूत मराठी माणसाला वर्ज्य आहे असंही नाही. रजनीकांत बंगळूरच्या मराठी घरातले, शिवाजीराव गायकवाड. त्यांच्या राजकारणप्रवेशाच्या चर्चेत ते तमिळ नाहीत हा मुद्दा काहींनी वर काढला. एरवी तो फारसा कुणाला आठवत नव्हता. माणूस पडद्यावर असेतो आपला, मतपेटीपाशी आला की कुठला तू, हे रशियन प्रकरणातही वारंवार दिसतं. परकेपण नेहमी अंगावर नसतं. कुणाला तरी त्याची गरज लागली की ते बाहेर काढतात.

तंजावरी मराठ्यांना खरा धक्का बसतो तो मात्र तमिळनाडूत नव्हे. तो बसतो मुंबई-पुण्यात. नोकरीनिमित्त आलेला मुलगा, आडनावाच्या जागी आजोबांच्या गावाचं आद्याक्षर लावणारा, ‘आम्ही पण मराठी’ असं सांगतो नि चार वाक्यं बोलतो. त्याच्या तोंडी दोन-तीनशे वर्षांपूर्वीची वळणं असतात, त्यात तमिळ हेल मिसळलेला. समोरचा हसतो, मग हिंदीत बोलू लागतो. हसणाऱ्याला आपण काय केलं ते कळतही नसावं. शेकडो मैल दूर तमिळ शेजाऱ्यांत तो ‘मराठी’ होता, आणि मराठी लोकांत आल्यावर ‘मद्रासी’ झाला. कझाकस्तानातून १९९०च्या दशकात रशियात परतलेल्या अनेक रशियनांचा अनुभव असाच होता. तिथे त्यांना रशियन म्हणत, इथे कझाक म्हणू लागले. मायदेशात गेल्यावर ओळख पक्की होईल ही कल्पना घरी बसून बरी वाटते.

महाराष्ट्राचं कुतूहल तंजावरच्या बाबतीत राजवाड्यापाशी सुरू होतं आणि ग्रंथालयापाशी संपतं. १९१८ साली लोकांसाठी खुलं झालेलं सरस्वती महाल ग्रंथालय अद्भुत आहे यात शंका नाही. तिथल्या मराठी पोथ्या, राजांची नाटकं, रामदासी बाडं, पाककृतींचे ग्रंथ यांवर काम झालं, छापलं गेलं. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांसारख्या माणसानं रामदासी साहित्यासाठी तिथवर खटपट केली. मोडी कागदांचे ढीग अजून वाचणाऱ्यांची वाट पाहताहेत, आणि मोडी वाचता येणारे तंजावरात तर सोडाच, पुण्यातही मोजकेच. पण राजांच्या मराठीवर जितकं लक्ष गेलं त्या मानानं त्यांच्या कारकुनांच्या, शिंप्यांच्या आणि स्वयंपाकघरातल्या बायकांच्या मराठीवर गेलं नाही. पोथी अजून शंभर वर्षं थांबेल. कुंभकोणमच्या अग्रहारातल्या एखाद्या ऐंशी वर्षांच्या आजीचं बोलणं थांबणार नाही. ध्वनिमुद्रण करायला आता खिशातला फोन पुरतो. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी एखादा उन्हाळा तिकडे घालवावा, सोबत एक शिंपी घराणं नि एक लष्करी मराठा घराणंही शोधावं, आणि दिवाणांची चरित्रं काही दिवस कपाटात ठेवावीत.